एका धुरकट रात्रीचा आकडा: कोकणातल्या सड्यावरून मोजलेला अतिनवतारा

१९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. तेव्हा त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, १४.९ होती. पाच-सहा दिवसांत तो ११ च्या जवळ पोचला. प्रतींचं गणित उलटं चालतं: आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. त्या हिशेबाने हा ठिपका आठवड्याच्या आत जवळजवळ चाळीस पट उजळला. एसएन २०२३आयएक्सएफ हे त्याचं अधिकृत नाव. एक तांबडा महाराक्षसी तारा स्वतःच्या भाराने कोसळून फुटला होता, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर. अशा फुटणाऱ्या ताऱ्याला अतिनवतारा म्हणतात. अतिनवताऱ्यांच्या मानाने हे अंतर फारच थोडं, म्हणून जगभरच्या लहानमोठ्या दुर्बिणी त्या आठवड्यात सप्तर्षींकडे वळल्या. लडाखमधल्या हान्ले इथली हिमालयन चंद्र दुर्बीण वळली, भारताची अवकाशातली वेधशाळा ॲस्ट्रोसॅट वळली, आणि राजापूर-देवगड पट्ट्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बी.एस्सी.च्या पाच-सहा मुलामुलींनी कॉलेजची सहा इंची दुर्बीणही वळवली.

हे प्रकरण त्या शेवटच्या दुर्बिणीचं आहे. मी त्यांची शिक्षिका नव्हे. त्यांचे सर माझे जुने सहकारी, आणि मोजणीचे आकडे फिसकटले की मुलं रत्नागिरीला मला फोन करत, इतकाच माझा संबंध. तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्यांच्या वहीतला सर्वांत वाईट दिसणारा आकडाच अखेर खरा ठरला. तो कसा खरा ठरला, याची वाट सोपी नव्हती.

जागा आणि सामान

जांभ्याचा सडा निरीक्षणाला झकास असतो. झाड नाही, घर नाही, क्षितिज चहूबाजूंनी मोकळं. पश्चिमेला मासेमारी नौकांच्या दिव्यांचा उजेड असतो, पण एम १०१ उत्तरेला. मे महिन्याच्या त्या दिवसांत रात्री अकराच्या सुमाराला ती उत्तर आकाशात सर्वांत वर येते, क्षितिजापासून पन्नासेक अंशांवर. अडचण जमिनीची. दिवसभर तापलेला कातळ पहिले दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो आणि तारे थरथरतात. दुसरी अडचण फुरशांची, म्हणजे विषारी सापांची. बूट घातल्याशिवाय आणि विजेरीशिवाय सड्यावर पाऊल टाकायचं नाही, असा सरांचा दंडक होता, आणि डोळ्यांना सवय झालेला अंधार मोडू नये म्हणून विजेरीवर लाल जिलेटीन गुंडाळलेलं.

या मुलांना आकाशाचं वेड कुठून लागलं, हे विचारलं तर सगळे विजयदुर्गाचं नाव घेतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली तिथून गेली होती, आणि तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने हेलियम शोधला, अशी गोष्ट लहानपणापासून कानावर पडलेली असते. खरं तर हेलियमची खूण असलेली सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा लॉकयरने नोंदवली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडमधून आणि ग्रहण नसताना. पण दहावीतल्या मुलाला दुर्बिणीपाशी आणायला ती गोष्ट पुरते, तेव्हा मी तिच्याशी फार भांडत नाही.

दुर्बीण कॉलेजची, कॅमेरा मात्र गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादाचा. मे महिना म्हणजे लग्नसराई. मुहूर्ताच्या दिवशी कॅमेरा मिळत नसे, किंवा रात्री उशिरा वरात आटोपल्यावर मिळे. त्यामुळे त्यांच्या नोंदींत जी भोकं आहेत त्यांतली काही ढगांची आहेत आणि काही पंचांगाची. दादा स्वतःही दोनदा-तीनदा सड्यावर आला. वसिष्ठ आणि अरुंधती त्याला चांगले ओळखता येत होते, नवरानवरीला दाखवतानाचे फोटो काढून काढून. वसिष्ठ, सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाचा मरीची आणि एम १०१ यांचा जवळजवळ समभुज त्रिकोण होतो, हे कळल्यावर दीर्घिका शोधून द्यायचं काम त्यानेच अंगावर घेतलं.

त्याच्या हाताची एक सवय मात्र महागात पडली. कॅमेरा नेहमी जेपेग फोटो काढायला लावलेला असे. लग्नाच्या अल्बमला ते ठीक. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच्या अकलेने उजळ भाग दाबतो, अंधारा भाग उचलतो, कडा धारदार करतो, आणि प्रकाश दुप्पट झाला तरी आकडा दुप्पट होत नाही. मोजणीला हवी असते ती रॉ फाईल, ज्यात संवेदकावर जेवढा प्रकाश पडला त्याच्या प्रमाणात आकडा असतो. सुरुवातीच्या रात्री जेपेगमध्ये गेल्या. रॉचं बटण सापडलं तेव्हा अतिनवतारा शिखरावर पोचत आला होता.

मोजणी म्हणजे नेमकं काय

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोटोत ताऱ्याभोवती एक वर्तुळ आखायचं, आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, बाजूच्या रिकाम्या आकाशाचा वाटा त्यातून वजा करायचा. हेच त्याच फोटोतल्या एखाद्या माहितीच्या ताऱ्यासाठी करायचं. दोन बेरजांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेऊन उणे अडीचने गुणलं की दोघांच्या प्रतींमधला फरक मिळतो. समजा तुलनेच्या ताऱ्याची बेरीज ५०,००० आली आणि अतिनवताऱ्याची २०,०००. गुणोत्तर ०.४, म्हणजे अतिनवतारा तुलनेच्या ताऱ्यापेक्षा एका प्रतीने मंद. तुलनेचा तारा १० प्रतीचा असेल तर आपला ११ चा. संगणकावर हे काम ॲस्ट्रोइमेजजे नावाची फुकट मिळणारी आज्ञावली करते. उरलेली शिस्त हाताने पाळावी लागते: झाकण लावून काढलेले काळे फोटो, कारण मेच्या उकाड्यात संवेदक तापून स्वतःच ठिपके उमटवतो, आणि पांढरा टीशर्ट दुर्बिणीच्या तोंडावर ताणून संधिप्रकाशात काढलेले सपाट फोटो, ज्यांनी भागलं की भिंगावरची धूळ आणि कडांचा काळोख निघून जातो.

या पद्धतीचं सगळं बळ गुणोत्तरात आहे. हवा खारट असो, पातळ मळभ असो, तारे शेजारी-शेजारी असले तर दोघांचाही प्रकाश सारख्याच प्रमाणात घटतो आणि गुणोत्तर तसंच राहतं. कोकणात समुद्रसपाटीवर बसून मेमध्ये ताऱ्यांची प्रत मोजता येते ती एवढ्याच भरवशावर.

ती रात्र

मेच्या शेवटच्या आठवड्यात आलेख छान जुळत होता. शिखर गाठून अतिनवतारा जवळजवळ स्थिर झाला होता आणि रोजचे ठिपके एका आडव्या ओळीत बसत होते. मग एका रात्रीचा ठिपका ओळीच्या खाली पडला, तब्बल ०.३ प्रतीने. म्हणजे एका रात्रीत पाव हिस्सा प्रकाश नाहीसा. पुढच्या रात्री ठिपका परत ओळीवर.

पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच: काहीतरी नवीन सापडलं! ताऱ्याने फुटण्याआधी स्वतःच्या आसपास दाट वायू टाकलेला होता आणि स्फोटाची लाट त्यावर आदळत होती, हे तोवर बातम्यांत आलं होतं. तेव्हा त्या वायूचा एखादा गोळा मधे आला असेल, असं एकाने मांडलं. कल्पना वाईट नव्हती. पण स्फोटाचा पसारा त्या वेळेपर्यंत सूर्यमालेहूनही मोठा झालेला होता. एवढ्या मोठ्या गोष्टीचा पाव प्रकाश एका रात्रीत जावा आणि दुसऱ्या रात्री परत यावा, हे अवघड आहे. शिवाय त्याच दिवसांत अमेरिकन व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स असोसिएशन, म्हणजे १९११ पासून चालू असलेली आव्सो ही संस्था, तिच्या खुल्या नोंदींत शेकडो लोक हाच तारा मोजत होते. तिथे असा खड्डा कुठेच नव्हता.

सरांचं म्हणणं साधं होतं. त्या रात्री हवा खराब होती, आकडा टाकून द्या. वहीत तसं लिहिलेलंही होतं: ‘धुरकट, तारे फिके, फोकस किंचित सुटलेला, वळवाचे ढग दक्षिणेला’. बहुतेक शिक्षक हेच म्हणाले असते. रात्र खराब, आकडा खराब, पुढे चला.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला ते पटलं नाही. तिने विचारलेला प्रश्न मला फोनवर जसाच्या तसा ऐकवला गेला: ‘‘सर, हवा खराब असली तर दोन्ही तारे फिके होणार ना? मग गुणोत्तर कसं बदललं?’’ सरांनी उत्तर दिलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी तिला मला फोन लावायला सांगितलं.

तिचा प्रश्न बिनतोड होता. धुरकट हवेने कारण मिळाल्यासारखं वाटतं, पण ज्या मोजणीची रचनाच धुरकट हवा वजा होण्यासाठी केलेली आहे, तिथे ते कारण लागू पडत नाही. ढगाचा तुकडा नेमका एकाच ताऱ्यावर आला असता तर वेगळं. पण दोन्ही तारे फोटोत शेजारीच होते आणि एकामागून एक काढलेल्या सगळ्या फोटोंत फरक तोच होता. ढग इतका वेळ एका जागी उभा राहत नाही.

मी एवढंच सुचवलं की तिसरा तारा मोजा. याला तपासणीचा तारा म्हणतात. त्याची प्रत बदलत नाही हे आधीच माहीत असतं, म्हणून तो आपल्या पद्धतीवर पाळत ठेवतो. त्यांनी अतिनवताऱ्याइतकाच मंद एक तारा निवडला आणि सगळ्या रात्रींचे फोटो पुन्हा मोजले. त्या रात्री तपासणीचा ताराही ०.३ नेच खाली आला होता. अतिनवतारा सुटला. दोन वेगवेगळे तारे एकाच रात्री सारखेच मंद झाले तर दोष दोघांच्याही मोजणीत येणाऱ्या एकाच गोष्टीत असतो, आणि ती गोष्ट म्हणजे तुलनेचा तारा.

आता प्रश्न पालटला: तुलनेचा तारा त्या एका रात्री जास्त तेजस्वी का झाला? दोन दिवस सगळे याच प्रश्नात अडकून होते. तो तारा स्वतःच बदलणारा आहे, असाही एक तर्क निघाला. तसं होतं कधी कधी. पण एकाच रात्री, तेही खराब हवेची होती त्याच रात्री?

गुंता सुटला तो वेगळ्याच आकड्याने. आज्ञावली बेरजेबरोबरच प्रत्येक ताऱ्याच्या मध्यबिंदूचा सर्वांत मोठा आकडाही देते. तो स्तंभ कोणी पाहत नसे. त्या मुलीने तो रात्रीगणिक लिहून काढला. तपासणीच्या ताऱ्याचा शिखर-आकडा रोज वेगळा, फोकसप्रमाणे, हवेप्रमाणे. तुलनेच्या ताऱ्याचा मात्र प्रत्येक चांगल्या रात्री तोच, अगदी तंतोतंत तोच. फक्त धुरकट रात्री कमी.

निसर्गातला कुठलाही आकडा इतका स्थिर नसतो. कॅमेऱ्याच्या संवेदकाला एक छत असतं. १४ बिटच्या कॅमेऱ्यात मोजणी १६,३८३ च्या वर जातच नाही. पिंप भरलं की त्यात पुढे कितीही पाऊस पडो, पातळी तीच. तुलनेचा तारा अतिनवताऱ्यापेक्षा साधारण एका प्रतीने तेजस्वी होता. फोटोत उठून दिसतो म्हणून मुलांनी तो निवडला होता. स्वच्छ हवेत आणि नेमक्या फोकसमध्ये त्याचे मधले बिंदू छताला टेकत आणि त्याचा जवळपास पाव प्रकाश मोजणीतून गळत होता. वरच्या उदाहरणात ५०,००० च्या जागी ३७,५०० धरून पाहा. गुणोत्तर ०.४ चं ०.५३ होतं, आणि एका प्रतीचा फरक ०.६८ वर येतो. म्हणजे अतिनवतारा रोज ०.३ प्रतीने फुगवून दाखवला जात होता. धुरकट रात्री हवेने प्रकाश अडवला, सुटलेल्या फोकसने उरलेला पसरवला, तुलनेचा तारा छताच्या खाली आला, आणि त्या एकाच रात्री तो पूर्ण मोजला गेला.

टाकून द्यायला निघालेला ठिपका बरोबर होता. आडव्या ओळीत शहाण्यासारखे बसलेले बाकीचे सगळे चुकले होते. चूक रोज सारखीच होत असल्याने ओळ सरळ दिसत होती.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

रॉ फाईल जपून ठेवलेल्या असल्याने काम वाया गेलं नाही. आव्सोच्या नकाशावरून त्यांनी छताच्या बरेच खाली राहणारे तीन तुलनेचे तारे घेतले, तिघांची सरासरी धरली आणि सगळ्या रात्री नव्याने मोजल्या. आलेख ०.३ ने खाली सरकला आणि धुरकट रात्रीचा ठिपका आपोआप ओळीत येऊन बसला. इतरांच्या नोंदींशी फरक आता दशांशाच्या आत होता. पुढच्या रात्रींसाठी फोकस मुद्दाम जरा सोडायचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त बिंदूंवर वाटला जातो, असंही ठरलं. दिसायला फोटो वाईट. दादाला ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

जेपेगच्या रात्री मात्र सुधारता आल्या नाहीत. त्या आलेखातून काढल्या, वहीत ठेवल्या. मला हे योग्य वाटतं, जरी त्यात चढाचा बराचसा भाग गेला.

आणखी एक सूक्ष्म चूक उरते. स्फोट झाला तेव्हा तारा अतिशय तप्त आणि निळसर होता. आठवड्यागणिक तो थंड होऊन पिवळटत गेला. कॅमेऱ्याचा हिरवा रंग आणि शास्त्रज्ञांची व्ही ही हिरवी-पिवळी गाळणी एकमेकांच्या जवळ आहेत, पण एक नाहीत. त्यामुळे ताऱ्याचा रंग बदलला की दोघांतला फरकही हळूहळू बदलतो, आणि आलेखाला नसलेला उतार येऊ शकतो. यांच्या बाबतीत हा परिणाम काही शतांशांचा, म्हणजे ठिपक्यांच्या रोजच्या पसाऱ्यापेक्षा लहान होता. दुरुस्तीचं गणित करायला एकजण उत्सुक होता. सरांनी अडवलं आणि माझ्या मते बरोबर अडवलं. जिथे हातच थरथरतो तिथे शेवटच्या घराचा हिशेब मांडून काय मिळणार? आकडे व्ही म्हणून न पाठवता ‘टीजी’, म्हणजे कॅमेऱ्याचा हिरवा, या खुणेने पाठवले. आव्सोत त्यासाठी ही वेगळी खूण आहेच.

आलेखातून काय निघालं

३ जूनला वटपौर्णिमा होती. चांदण्यात आकाश उजळलं आणि ठिपक्यांचा पसारा वाढला. ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ जन्मलं आणि आकाश मिटलं. ११ जूनला पाऊस रत्नागिरीत पोचला. तोवर घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं निघाली होती, आंब्याच्या शेवटच्या पेट्या जात होत्या, आणि रात्रभर जागणाऱ्या मुलांना सकाळी बागेत हाक मारली जात होती. निरीक्षणाचा हंगाम संपला.

हातात आलेला तुकडा लहान होता, पण त्यातून त्यांनी एक गोष्ट स्वतः काढली. शिखरावरची प्रत ११ च्या किंचित अलीकडे. २.१ कोटी प्रकाशवर्षांचं अंतर प्रतींत मांडलं तर साधारण २९.१. वजाबाकी केली की निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे तारे एकाच ठरलेल्या अंतरावर ठेवले तर दिसेल ती प्रत, उणे १८.२ च्या आसपास येते. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८. दोघांत २३ प्रतींचा फरक, म्हणजे अतिनवतारा दीडशे कोटी सूर्यांच्याही वर. आधीचा, न सुधारलेला आकडा वापरला असता तर उत्तर दोनशे कोटींच्या पुढे गेलं असतं. छताला टेकलेल्या चार बिंदूंमुळे पन्नास कोटी सूर्य जास्त! हा हिशेब फळ्यावर झाला तेव्हा ०.३ म्हणजे काय हे सगळ्यांना एकदम कळलं.

सर्वांत बोलका भाग मात्र कोकणातून दिसलाच नाही. या जातीचे अतिनवतारे काही आठवडे पठारावर राहतात, फुगलेल्या हायड्रोजनमध्ये साठलेली उष्णता हळूहळू सोडत. ती संपली की कड्यावरून पडावं तसे मंदावतात, आणि मग कोबाल्ट-५६ च्या किरणोत्सर्गावर जगतात. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, म्हणून आलेख शंभर दिवसांत साधारण एक प्रत या ठरलेल्या उताराने खाली येतो. एसएन २०२३आयएक्सएफ हा कडा उतरला तो ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. पाऊस सरला तेव्हा एम १०१ सूर्याच्या दिशेला गेलेली होती. मुलांनी तो भाग आव्सोच्या खुल्या नोंदींतून घेतला आणि स्वतःचे ठिपके लाल शाईने वेगळे ठेवले.

एक गोष्ट त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता. २१ जानेवारी २०१४ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना कॅमेरा वापरायला शिकवत होते. ढग दाटून येत होते म्हणून ठरलेला पाठ सोडून घाईने एम ८२ या दीर्घिकेकडे दुर्बीण वळवली, आणि तिथे एसएन २०१४जे सापडला. ढगांशी घासाघीस फक्त कोकणातच चालते, असं नाही.

गट अजून चालू आहे, मुलं बदलली आहेत. आता नजर उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या टी कोरोनी बोरिआलिस या ताऱ्यावर आहे. हा पुनरावर्ती नवतारा: तारा कोसळत नाही, श्वेतबटूच्या पृष्ठावर साठलेला वायू पेटतो. १८६६ आणि १९४६ मध्ये तो फुटला होता आणि पुन्हा फुटणं अपेक्षित आहे. एरवी १० प्रतीचा, फुटला की २ पर्यंत चढेल आणि आठवडाभरात डोळ्यांना दिसेनासा होईल. सहा इंची दुर्बिणीत २ प्रतीचा तारा पहिल्या क्षणालाच छताला टेकणार. म्हणून त्या रात्रीसाठी त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवून दादाची ५० मिलिमीटरची लेन्स, फोकस पुरेपूर सोडलेला, आणि तुलनेला त्याच मुकुटातला अल्फेक्का अशी तयारी लिहून ठेवली आहे. तक्त्यात शिखर-आकड्याचा स्तंभ आता पहिला असतो.